पळस्प्याची रुद्रवीणा

मुंबईहून अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धनकडे निघालेल्या माणसाला पळस्पे फाटा माहीत असतो तो बहुधा वाहतूक कोंडीमुळे. पनवेल मागे पडले की पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा रस्ता इथे वेगळे होतात, आणि न्हावा-शेवा बंदराकडचे कंटेनरही इथेच येऊन मिळतात. रायगडच्या किनाऱ्याला जाणारी बरीच वर्दळ या एका तोंडातून जाते. त्याच पळस्प्यात १९८० च्या दशकात एका बीनकाराने धृपदाचे गुरुकुल उभारले. बीनकार म्हणजे रुद्रवीणा, अर्थात बीन, वाजवणारा. गारुड्याच्या पुंगीशी या बीनचा काही संबंध नाही. हे बीनकार म्हणजे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर. त्यांचा जन्म १४ मार्च १९२९ रोजी उदयपूरला झाला आणि २८ सप्टेंबर १९९० रोजी ते मुंबईत गेले. त्यांची मुंबईतली कारकीर्द चेंबूरच्या घरात आणि शेवटची काही वर्षे चेंबूर व पळस्पे यांच्यामध्ये गेली. हिंदुस्थानी संगीतातल्या सर्वांत खर्जाच्या आणि सर्वांत सावकाश बोलणाऱ्या वाद्याला त्यांनी विसाव्या शतकात पुन्हा श्रोता मिळवून दिला.

अशा कलावंताबद्दल लिहिताना ‘परंपरा जपली’ हे दोन शब्द आपोआप लेखणीतून उतरतात. डागर हे नावच तसे आहे. वीस पिढ्यांची कुळकथा, धृपदासारखी प्राचीन मानली जाणारी गायकी, वर शंकराचे म्हणून पूजले जाणारे वाद्य. एवढे सगळे एकत्र आले की कलावंत म्हणजे कुलूपबंद पेटीचा राखणदार, अशी समजूत होते. झिया मोहिउद्दीन डागरांचे काम नीट पाहिले तर ही समजूत टिकत नाही. त्यांनी वाद्याचे अंग बदलले, बसण्याची आणि आघाताची रीत बदलली, वाद्याचा घरातला दर्जा बदलला आणि कोणाला शिकवायचे हा नियमही बदलला. एवढे बदल करूनही ते परंपरेचे मोठे प्रतिनिधी मानले जातात, असे पुष्कळ जण म्हणतील. माझे म्हणणे जरा पुढचे आहे: हे बदल केले नसते, तर त्या परंपरेतली जी गोष्ट खरोखर मोलाची होती ती आपल्या कानापर्यंत पोचलीच नसती.

आधी वाद्य समजून घेऊ. रुद्रवीणेला एक लांब पोकळ दांडी असते आणि तिच्याखाली दोन मोठे तुंबे. दांडीवर उंच पडदे, त्यांवरून जाणाऱ्या चार मुख्य तारा, आणि बाजूला चिकारीच्या व खर्जाच्या तारा. सतारीच्या खाली असतात तशा तरफा मूळ बीनला नाहीत. उजव्या हाताची पहिली दोन बोटे मुख्य तारा छेडतात, करंगळी चिकारी सांभाळते. डावा हात पडद्यावर तार दाबून आडवी ओढतो, आणि एका पडद्यावरूनच चार-पाच स्वरांचा प्रवास होतो. हीच मींड. धृपदाचा आलाप गाताना गायक ‘नोम्-तोम्’च्या अक्षरांवर एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जसा सरकतो, तसेच बीनकाराला सरकायचे असते. फरक एवढाच की गायकाच्या छातीत श्वास भरलेला असतो, आणि तार एकदा छेडली की तिचा आवाज त्याच क्षणापासून विरू लागतो. मींड पुरी होण्याआधी आवाजच संपला तर शेवटचे स्वर बोटाला कळतात, श्रोत्याला नाही. छेडलेला स्वर मागे किती वेळ रेंगाळतो याला वादक ‘आस’ म्हणतात. बीनच्या सगळ्या प्रश्नांचा प्रश्न हा आसेचा आहे.

डागर कुटुंबात हा प्रश्न फारसा जाहीरपणे उभा राहिला नव्हता. हे घराणे गायकांचे. झिया मोहिउद्दीन यांचे वडील झियाउद्दीन खाँ उदयपूरच्या महाराणांच्या दरबारी गायक. ते बीनही वाजवत. पण घरात बीनचे काम मुख्यतः स्वराचा अभ्यास करण्याचे होते. गळा तयार करायचा, राग समजून घ्यायचा, श्रुतीवर बोट ठेवून पाहायचे, ते या वाद्यावर. मैफल गाण्याची. झिया मोहिउद्दीन गाणेही शिकले आणि बीनही. धाकटे भाऊ झिया फरिदुद्दीन गायक झाले. १९४८ साली उदयपूरचे मेवाड संस्थान राजस्थानात विलीन झाले आणि दरबाराचा आधार संपला. अशा वेळी गाण्यापेक्षाही अवघड आणि कमी मागणीच्या वाद्यावर आयुष्य उभे करायचे, तेही मुंबईसारख्या शहरात, हा निर्णय घराण्याच्या सवयीला धरून नव्हता. अभ्यासाच्या खोलीतले वाद्य त्यांनी मंचावर एकट्याने बोलायला आणले. पुढचे सगळे बदल या एका निर्णयातून निघाले आहेत.

मंचावर एकट्याने बोलायचे तर आस वाढली पाहिजे. कोलकात्याच्या कनाईलाल अँड ब्रदर या प्रसिद्ध कारखान्याकडून त्यांनी आपल्या कल्पनेप्रमाणे वाद्य घडवून घेतले. तुंबे मोठे केले, दांडी जाड केली. मुख्य तार जवळपास अर्ध्या मिलिमीटरची घेतली. सतारीची बाजाची तार साधारण तीन दशांश मिलिमीटरची असते, यावरून फरक ध्यानात यावा. तारेची पट्टी तिची लांबी, तिचे वजन आणि तिच्यावरचा ताण या तिन्हींवर ठरते. पट्टी खाली आणून तार तशीच बारीक ठेवली तर ती सैल पडते, लटपटते, आणि ओढल्यावर स्वर भरकटतो. जाड तार खालच्या पट्टीतही ताठ राहते. तिच्यात आघाताची ऊर्जा जास्त साठते आणि ती सावकाश ओसरते. मोठा तुंबा खर्जाला प्रतिसाद देतो. घोडीच्या पृष्ठभागाच्या उताराला जवारी म्हणतात; ती त्यांनी बंद ठेवली. तंबोऱ्याची जवारी खुली असते, म्हणून तार घोडीला हलकेच घासत राहते आणि झणकार उठतो. बंद जवारीत तो झणकार मिटतो आणि स्वर गोल, भरीव होतो. शेवटी त्यांनी मिजराब, म्हणजे बोटात घालायची नखी, काढून टाकली. धातूच्या मिजराबीचा आघात तीक्ष्ण असतो. सुरुवातीचा टणत्कार मोठा आणि त्यापुढे मागून येणारा स्वर लहान वाटतो. नुसत्या बोटाने छेडले की आघात मऊ होतो आणि कान आपोआप मागच्या स्वराकडे वळतो. हे सुटे सुटे हौशी बदल नव्हते. प्रत्येक बदलाचा रोख एकच आहे: छेडण्याचा क्षण लहान करायचा आणि त्यानंतरचा काळ मोठा.

इथे जाणकाराचा पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. दोन्ही तुंबे एवढे मोठे झाल्यावर वाद्य खांद्यावर कसे घेणार? डागर मांडी घालून बसत, एक तुंबा डाव्या मांडीवर आणि दुसरा जमिनीवर, बराचसा दक्षिणेतल्या सरस्वती वीणेसारखा. बीनची जुनी बैठक वेगळी: वज्रासन, एक तुंबा डाव्या खांद्यावर, दांडी तिरपी छातीवरून. जयपूरच्या बीनकार परंपरेतले उस्ताद असद अली खाँ (१९३७–२०११) अखेरपर्यंत असेच बसत आणि मिजराब वापरत. त्यांच्या वादनात बोलांची जी ठसठशीत स्पष्टता आहे, आघाताआघातातला जो तोल आहे, तो डागरांच्या वीणेत नाही. मग डागरांनी जे वाजवले ते रुद्रवीणा म्हणावे की तिच्यातून निघालेले नवे वाद्य? आक्षेपातला अर्धा भाग मान्य करावाच लागेल. काही मिळवताना काही गेले, आणि ज्याला बीनमध्ये बोलांचा डौल हवा त्याने असद अली खाँच ऐकावेत. पण ‘मूळ बीन’ म्हणून जे डोळ्यांपुढे ठेवले जाते ते तरी कोणत्या काळचे? मुघल दरबारातले बीनकार नौबत खाँ यांचे मन्सूर या चित्रकाराने काढलेले चित्र उपलब्ध आहे. त्यातली सडपातळ दांडीची वीणा एकोणिसाव्या शतकातल्या भारदस्त बीनपेक्षा किती तरी वेगळी दिसते. म्हणजे तानसेनाच्या पिढीपासून असद अली खाँपर्यंत येतानाच वाद्य बदललेले होते. डागरांनी बदल सुरू केला नाही. तो आपल्या हातात जाणीवपूर्वक घेतला आणि कशासाठी करायचा ते ठरवले.

तो कशासाठी, याचे उत्तर श्रुतीत आहे. आपल्याकडे श्रुतींचा विषय निघाला की बावीस हा आकडा येतो आणि वाद सुरू होतो. महाराष्ट्रात हा वाद जुना आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीस बसून श्रुतींची गणिते मांडली आणि त्या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली. पुढे ध्वनिमापनाची साधने आली आणि अभ्यासकांना आढळले की मोठे गायक-वादकसुद्धा एकाच रागातला एकच स्वर प्रत्येक वेळी नेमक्या त्याच ठिकाणी लावत नाहीत. तो थोडा वर-खाली होतो. मग डागरबानीत, म्हणजे डागरांच्या धृपद शैलीत, भैरवचा कोमल रिषभ वेगळा, तोडीचा वेगळा असे जे आग्रहाने सांगितले जाते त्याला अर्थ काय? ज्यांना श्रुती म्हणजे पट्टीवरची रेघ वाटते त्यांच्यापुरता हा आक्षेप बिनतोड आहे. डागरांचे वादन ऐकताना मात्र कळते की तिथे स्वर रेघेसारखा वागत नाही. भैरवचा रिषभ आंदोलनात असतो, त्याचा खालचा काठ षड्जाला भिडता भिडता मागे येतो. तोडीचा रिषभ वेगळ्या दिशेने येतो आणि वेगळ्या स्वराकडे डोळा ठेवून थांबतो. मोजयंत्राने त्यातला एक क्षण पकडला तर आकडा बदलता निघणारच. कानाला ओळखू येते ती त्या स्वराची ये-जा, आणि ती ये-जा पूर्ण ऐकू यायची तर तार चार-पाच सेकंद बोलती राहायला हवी. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेचा आणि श्रुतीच्या शास्त्राचा संबंध असा सरळ आहे. पडदे जागच्या जागी असलेल्या वाद्यावर पडद्यांच्या मधला प्रदेश त्यांनी वाजवायला घेतला, असे म्हटले तरी चालेल.

सामान्य श्रोत्याची तक्रार यापेक्षा साधी असते: फार संथ आहे. तासभर आलाप, त्यात पहिली पंधरा-वीस मिनिटे मंद्रातच, पखवाज कधी येतो तर कधी येतच नाही. तक्रार खोटी नाही. पण मराठी श्रोत्याने ती करावी याचे नवल वाटते, कारण संथ विस्ताराची गोडी त्याला शंभर वर्षांपासून लागलेली आहे आणि त्या गोडीच्या मुळाशी बीनच आहे. एकोणिसाव्या शतकातले थोर बीनकार बंदे अली खाँ अखेरच्या काळात पुण्यात होते. त्यांचे देहावसान पुण्यातच झाले. किराणा घराण्याच्या गायकीवर त्यांच्या बीनचा संस्कार मानला जातो. अब्दुल करीम खाँसाहेब स्वतः बीन वाजवत. स्वरावर थांबणे, एकेक स्वर उलगडत राग वाढवणे, मींडेने स्वर जोडणे, ही जी किराण्याची लक्षणे आपण सवाई गंधर्व, हिराबाई बडोदेकर, भीमसेन जोशी यांच्यात ओळखतो, ती बीनच्या बाजाशी सख्खे नाते सांगणारी आहेत. भीमसेनांच्या विलंबितात पहिल्या दहा मिनिटांत काही ‘घडत’ नाही म्हणून कोणी उठून गेल्याचे ऐकिवात नाही. फरक असा की ख्यालात तबल्याचा ठेका चालू असतो. काळ मोजला जातो आहे याचा दिलासा मिळतो. बीनच्या आलापात तो आधार काढून घेतलेला असतो. त्यामुळे पहिल्यांदा ऐकणारा काय ऐकावे याविषयी गोंधळतो. त्याने ताल शोधू नये, वरच्या षड्जाची वाट पाहू नये. नुकता छेडलेला स्वर विरेपर्यंत ऐकावा. एवढे केले तरी संथपणाची तक्रार निम्म्याने कमी होते. शिवाय आलापही सगळा एका चालीचा नसतो. ‘जोड’ या टप्प्यात लय येते, ‘झाला’ या टप्प्यात ती वेग घेते, आणि माणिक मुंडे यांच्यासारख्या पखवाजियाची साथ असली की पुढची गत ऐकताना हेच का ते वाद्य असा प्रश्न पडतो.

ध्वनिक्षेपकाचा मुद्दाही उपस्थित केला जातो. मिजराब काढली, आघात मऊ केला, म्हणजे वाद्याचा आवाज लहान झाला. मग ते मायक्रोफोनशिवाय सभागृहात पोचेल कसे? पोचणार नाही, हे खरे आहे. पण बीन कधीच मोठ्या सभागृहाचे वाद्य नव्हते. ते दरबारातल्या किंवा घरातल्या मोजक्या कानांसाठी वाजे. मायक्रोफोन आल्यावर ख्यालगायकांनीही आवाजाचा लगाव बदलला, आणि आपण त्याला ऱ्हास म्हणत नाही. डागरांच्या हाती मायक्रोफोनचा उपयोग मोठा आवाज करण्यापुरता राहिला नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाद्याच्या दोन हातांवर आणून बसवण्यासाठी तो होता. ध्वनिमुद्रणात हे जास्त जाणवते. दिग्दर्शक मणि कौल यांनी १९८२ साली ‘ध्रुपद’ हा चित्रपट केला, त्यात झिया मोहिउद्दीन आणि झिया फरिदुद्दीन हे दोघे बंधू आहेत. कौल स्वतः त्यांच्याकडे शिकत होते, त्यामुळे कॅमेऱ्यालाही घाई नाही. १९८६ च्या मार्चमध्ये सिएटलला वाजवलेला यमन कितीतरी वर्षांनी तबकडीवर निघाला आणि ज्यांनी कधी धृपदाचे नावही ऐकले नव्हते अशा परदेशी श्रोत्यांनी तो उचलला. त्यांच्यापाशी परंपरेचा आदर म्हणून ऐकण्याचे ओझे नव्हते. त्यांना तो आवाजच हवा होता.

आता गुरुकुलाकडे येऊ, कारण सर्वांत मोठा बदल तिथे आहे. बीनकारांबद्दल एक जुनी कथा सांगितली जाते: घराबाहेरच्या शिष्याला ते बीन शिकवत नसत, फार आग्रह झाला तर तोच बाज सूरबहारवर, म्हणजे खर्जातल्या मोठ्या सतारीवर, शिकवत. प्रत्येक घराण्याबाबत ही कथा खरी असेलच असे नाही, पण बीन शिकलेल्यांची संख्या पाहता ती खोटीही वाटत नाही. वाद्य मागे पडले ते ख्याल, सतार आणि पेटी आल्यामुळे, असे आपण म्हणतो. दार आतूनही लावलेले होते, हे विसरतो. झिया मोहिउद्दीन डागरांनी हे दार उघडले. अमेरिकेतल्या विद्यापीठांत त्यांनी शिकवले. ऋत्विक सान्याल मुंबईत त्यांच्याकडे शिकून पुढे काशीत गायक-अध्यापक झाले. पुष्पराज कोष्टी यांनी सूरबहार घेतली. उदय भवाळकर गायनासाठी धाकट्या उस्तादांकडे, म्हणजे झिया फरिदुद्दीन यांच्याकडे, आणि थोरल्यांकडेही शिकले. नॅन्सी लेश यांनी तर चेलोवर धृपद बसवले. भोपाळला १९८१ पासून झिया फरिदुद्दीन शिकवत होते, इकडे पळस्प्याला थोरले. आज ऐकायला येणाऱ्या डागरबानीचा मोठा भाग या दोन ठिकाणांतून बाहेर पडला आहे. शिष्य कोणत्या जातीचा, देशाचा, कोणत्या वाद्याचा, हा प्रश्न मागे पडला; स्वर लागतो की नाही एवढा उरला.

यावर खवचट प्रश्न असा येतो की अमेरिकन शिष्य आले, काशीपर्यंत शिष्य गेले, पण रायगडला काय मिळाले? फाट्यावर वडापाव खाणाऱ्या किती जणांना इथे बीन वाजते हे माहीत असेल? फार नसतील. आणि संगीताचे गुरुकुल म्हणजे ग्रामविकास योजना नव्हे, हे उत्तर पुरे आहे असे मला वाटत नाही. मला त्या प्रश्नाचाच पाया कच्चा वाटतो. पनवेल, उरण, पेण, अलिबागच्या आगरी-कोळी गावांत भजनी मंडळांची परंपरा जिवंत आहे आणि तिथला मुख्य साथीदार पखवाज आहे. धृपदाची साथ करणारे वाद्यही तेच. देवळात हरिपाठ आणि अभंगांना पखवाज वाजवणाऱ्या पोराच्या हाताला धृपदाचा चौताल नवा असतो, पण तो हात पखवाजाला परका नसतो. कोकणातल्या पखवाजियांना धृपदाच्या साथीकडे वळवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झालेले नाही, हे खरे. ते झाले नाही म्हणून रायगडची माती धृपदाला परकी ठरत नाही. दोन शेजारी एकमेकांशी पुरेसे बोललेले नाहीत, इतकेच ठरते.

१९९० साली उस्ताद गेले तेव्हा त्यांचे वय एकसष्ट होते. बीनकाराच्या हिशेबाने हे काही म्हातारपण नव्हे. चिरंजीव बहाउद्दीन तेव्हा विशीत होते. ते आधी आई प्रमिला डागर यांच्याकडे सतार शिकले, मग सूरबहार, मग बीन, आणि वडिलांनंतर काका फरिदुद्दीन यांच्याकडे. २०१३ मध्ये काकाही गेले. आता पळस्प्याचे गुरुकुल बहाउद्दीन चालवतात. त्यांची वीणा वडिलांच्या घडणीची आहे, तरी वादन वडिलांसारखे नाही. एखादी जागा ते वडिलांपेक्षा कोरडी ठेवतात, आणि शांतता जास्त वापरतात. काही जुने श्रोते त्यावर नाक मुरडतात. तिकडे कर्नाटकात सिरसीच्या ज्योती हेगडे बिंदूमाधव पाठक आणि असद अली खाँ यांच्याकडून शिकून उभ्या राहिल्या, ज्या वाद्याला बाईने हात लावू नये असे सांगितले जाई त्याच वाद्यावर. बीनकारांची संख्या अजूनही बोटांवर मोजण्याइतकीच आहे, आणि असे वाद्य घडवणारे कारागीर त्याहून कमी. अडचण प्रतिष्ठेची नाही, व्यवहाराची आहे. एक वीणा घडायला महिने लागतात, ती विमानात नेताना जीव टांगणीला लागतो, आणि आपल्या संगीत महोत्सवांत कलाकाराला पाऊण तास मिळतो. पाऊण तासात बीनचा आलाप मंद्र सप्तकातून जेमतेम वर येतो. मुंबई-पुण्याच्या आयोजकांनी वर्षातली एखादी सकाळ, दोनशे माणसांचे सभागृह आणि पूर्ण दोन तास एका बीनकाराला द्यायला हरकत नाही. तिकिटे खपतील का, असे ते विचारतील. बंद जवारीचा खर्ज एकदा जवळून ऐकलेले दोनशे लोक या दोन शहरांत नसतील, असे मानायला निदान मी तयार नाही.